गजभिये सरांचं ‘कधी?’

परवा भोपाळहून देशपांडेचा फोन आला. पूर्वी तो आमच्याबरोबर लखनौला नोकरीला होता. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर त्यानं विचारलं, “काय रे, आपले गजभिये सर कसे आहेत?”

मी म्हणालो, “मी पाहिलं तेव्हा ठणठणीत होते.”

मग देशपांडे दबक्या आवाजात म्हणाला, “होते म्हणजे? अरे, काही झालं का?”

त्याची समजूत काढता काढता माझ्या नाकी नऊ आले. सरांना काहीही झालेलं नाही. ते नागपूरला आहेत. निदान तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी फोनवरून माझ्या एका वाक्याची चिरफाड केली तेव्हा तरी होते. दोष माझ्या तोंडाला लागलेल्या सवयीचा, आणि ती सवय सरांनीच लावलेली.

आमची प्रयोगशाळा म्हणजे रुळांना लागणारं सामान दाबून, ताणून, ठोकून पाहण्याची जागा. आम्ही इंजिनिअर मंडळी चाचण्या करायचो आणि मग इंग्रजीत अहवाल लिहायचो. चाचणी करताना यंत्रं आवाज करायची, अहवाल लिहिताना आम्ही करायचो. तो अहवाल मोठ्या साहेबांकडे जाण्याआधी कोपऱ्यातल्या एका टेबलावरून जावा लागे. तिथं एक सडपातळ गृहस्थ दिवाळीपासून होळीपर्यंत एकच अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घालून बसलेले असत. खिशात तीन पेन्सिली, तिन्ही टोक केलेल्या. अहवालाच्या शेवटच्या पानावर ‘तपासले’ या शब्दापुढं त्यांची सही असे, आणि ती असल्याशिवाय कागद जागचा हलत नसे.

मी साताऱ्याकडचा, नवा, आणि कॉलेजात इंग्रजीला चांगले गुण मिळालेला. पहिला अहवाल मी मोठ्या तोऱ्यात त्यांच्या टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी तो परत आला तेव्हा समासात पेन्सिलीनं अकरा ठिकाणी एकच शब्द लिहिलेला होता, तोही मराठीत. ‘कधी?’

मी कागद घेऊन गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“जाधव, हा नमुना तुटते म्हणतोस. रोज तुटते का?”

“नाही सर. एकदाच तुटला.”

“मग त्याला एकदाच तुटू दे ना बापू. अन् हे काय, ‘निकाल तक्त्यात दाखवले होते’? तक्ता पळून गेला का कुठं?”

“नाही सर, आहे.”

“आहे ना? मग तो दाखवते. अजून दाखवूनच राहिला आहे. तू केलं ते झालं, ते मागं गेलं, त्याला भूतकाळ. कागदावर समोर दिसते ते वर्तमानकाळ. अन् जे तू, मी, हे साहेब, कोणीच नसलो तरी खरं राहील, तेही वर्तमानकाळ. पण ते लिहिताना हात थोडा कापला पाहिजे.”

माझा हात तेव्हा अजिबात कापत नव्हता. मला वाटलं, काय हा किस काढतोय माणूस! नमुना तुटला काय आणि तुटतो काय, रूळ तोच आणि गाडी तीच.

देशपांडे भोपाळला गेल्यावर ऑफिसात मराठी आम्ही दोघंच उरलो, पण ‘कधी?’ हा शब्द सगळ्यांना माहीत होता. हिंदीभाषक मंडळींनी त्याची कढी करून टाकली होती. “आज कितनी कढ़ी परोसी गई?” असं एकमेकांना विचारत ते आपापले अहवाल सोडवून घेत. कोणाच्या पानावर सात, कोणाच्या पानावर नऊ. मोठे साहेब, म्हणजे श्रीवास्तव साहेब, अस्सल लखनवी गृहस्थ. तेसुद्धा एकदा भर मीटिंगमध्ये म्हणाले, “गजभिये जी, आपकी कढ़ी बहुत खट्टी है.” सर गंभीरपणे म्हणाले, “थी, साहब. अगली चख के बताइए.”

बोलण्यातही त्यांच्या तावडीतून कोणी सुटत नसे. आमच्या कॅन्टीनमध्ये रामसजीवन नावाचे वयस्कर गृहस्थ चहा करत. सरांनी खिडकीतून चहा सांगितला की रामसजीवन जागचे न हलता ओरडत, “बस, आ गया साहब!” सर तितक्याच मोठ्यानं म्हणत, “आया नहीं है भैया, आएगा!” हे रोज साडेअकराला आणि रोज साडेतीनला. एकदा रामसजीवन आजारी पडले आणि त्यांच्या जागी आलेला माणूस मुकाट्यानं चहा ठेवून गेला. त्या दिवशी सरांनी अर्धा पेला तसाच ठेवला. “चहात दम नाही,” म्हणाले. चहा तोच होता.

सर आणि मी दोघंही इंदिरा नगरला राहायचो, त्यामुळं मेट्रोचा प्रवास बरोबर होई. मी एकदा त्यांना पकडायला गेलो. गाडीत घोषणा झाली, पुढचं स्टेशन चारबाग आहे. मी म्हणालो, “सर, ‘आहे’ कसं? अजून आलं कुठं?” त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “चारबाग तर आहेच. आपण नाही पोचलो. आपण पोचलो नाही म्हणून त्यानं काऊन नसावं?” वरचं हँडल धरून ते पुढची तीन स्टेशनं आपल्याच उत्तरावर खूश होते.

ते मूळचे भंडाऱ्याकडचे, शिकले नागपूरला. आपल्या बोलीचा त्यांना भलताच अभिमान. “तुमच्या मराठीत काळ कमी आहेत,” ते मला सांगत. “तू म्हणतोस, मी जेवतो. आता जेवतो, का रोज जेवतो, का थोड्या वेळानं जेवतो? ऐकणाऱ्यानं काय समजावं?”

“आमच्याकडे ‘जेवतोय’ आहे की सर.”

“त्यात माणूस दिसत नाही. आम्ही म्हणतो, जेवून राहिलो. दिसते ना ताटावर बसलेला?”

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्यांची मुलगी श्वेता लखनौतच वाढलेली. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीत. “पापा, घर में टेन्शन कम है क्या, जो रोज़ टेन्स भी उठा लाते हैं?” असं ती म्हणाली की ते तिलाही समजावून सांगायला बसत, आणि ती हेडफोन लावी.

सरांशी खरी लढाई होती ती काकूंची. विषय एकच शब्द. आपल्याकडे घराबाहेर पडताना कोणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतात. सर ‘जातो’ म्हणत. रोज सकाळी डबा हातात घेऊन, चपला घालून, दारात उभं राहून स्पष्ट आवाजात, “जातो.” काकू आतून ओरडत, “अहो, येतो म्हणा!” सर जिन्यावरून म्हणत, “जाऊन राहिलो तर येतो कसा म्हणू? येणं संध्याकाळी. तेव्हा आलो म्हणीन.” आणि संध्याकाळी दारातून आत पाऊल टाकलं की खरंच म्हणत, “आलो.” मी त्यांच्यासाठी जिन्याखाली थांबलेलो असायचो. हे संभाषण मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नसे.

“लग्नाला एकतीस वर्षं झाली,” काकू एकदा पोहे वाढताना म्हणाल्या, “एकदा तोंडातून येतो निघालं नाही. शुभअशुभ मीही मानत नाही हो. पण बरं वाटतं ऐकायला, एवढंच.”

“पोहे चांगले होते,” सर बशी खाली ठेवत म्हणाले.

“होते! आहेत म्हणायला काय जातं?”

“माझे संपले.”

अशा माणसाची जन्मभराची इच्छा काय असावी? एक पुस्तिका. अहवाल लिहिणाऱ्यांनी कुठं कोणता काळ वापरावा, याची. टेबलाच्या खालच्या खणात त्यांनी वर्षानुवर्षं चिठ्ठ्या साठवल्या होत्या. एकेका चिठ्ठीवर कोणाचं तरी चुकलेलं वाक्य, खाली दुरुस्ती, आणि का, ते. माझ्या नावावर बऱ्याच होत्या. “शेकडो अहवाल माझ्या हाताखालून गेले जाधव,” ते एकदा म्हणाले, “सगळ्यांवर माझी सही शेवटच्या पानावर. एकदा पहिल्या पानावर नाव पाहायचं आहे.” हे सांगताना ते चिठ्ठ्यांकडे पाहत होते, माझ्याकडे नाही.

श्रीवास्तव साहेबांना ते ठाऊक होतं. त्यांनी शब्द दिला होता की निवृत्तीनंतर सरांना एक वर्ष सल्लागार म्हणून ठेवून घेऊ. तेच टेबल, तोच खण, आणि वर्षाच्या शेवटी संस्थेनं छापलेली पुस्तिका, पहिल्या पानावर गजभिये. सप्टेंबरात सर निवृत्त होणार होते. त्या वर्षाची ते किती वाट पाहत होते ते मला माहीत आहे, कारण पुस्तिकेच्या मुखपृष्ठाचा रंग त्यांनी मला दोनदा विचारला होता.

आणि जूनमध्ये माझा अहवाल आला.

रूळ आणि त्याखालचा स्लीपर यांच्यामध्ये एक रबरी पॅड असतो. एका नव्या प्रकारच्या पॅडची चाचणी माझ्याकडे होती. मी आठ पॅड घेतले. भर उन्हाळ्यात, लखनौची लू चालू असताना, रात्रंदिवस यंत्राखाली ते दाबले. आठही टिकले. मी खुशीत शेवटचं वाक्य लिहिलं: ‘द पॅड होल्ड्स.’ पॅड टिकतो.

समासात आलं, ‘कधी?’ आणि ‘होल्ड्स’च्या जागी ‘हेल्ड’. टिकला.

मी तोवर शहाणा झालो होतो, मुकाट्यानं ‘हेल्ड’ केलं. पण साहेबांनी अहवाल वाचला आणि आम्हा दोघांना बोलावलं. वरून घाई होती. पॅड टिकतो म्हटलं की फाइल बंद. टिकला म्हटलं की विचारणार, थंडीत काय? मग हिवाळ्यात पुन्हा चाचणी, म्हणजे सहा महिने.

“गजभिये जी,” साहेब अगदी गोड आवाजात म्हणाले, “एक लफ़्ज़ की तो बात है.”

“साहब, एक लफ़्ज़ की बात होती तो आप हमें बुलाते नहीं.”

साहेब हसले. मग हसणं थांबलं. टेबलावरची दुसरी एक फाइल त्यांनी जरा पुढं सरकवली. सरांच्या सल्लागारपदाची ती फाइल होती, ते तिघांनाही दिसत होतं. साहेब त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, लखनौचा माणूस बोलतही नाही. ते माझ्याकडे वळले. “जाधव जी, रिपोर्ट तो आपकी है. आप क्या कहते हैं?”

मी म्हणालो, “सर, जैसा आप ठीक समझें.”

हे वाक्य मला आजही नको तेव्हा आठवतं आणि मी जिथं असेन तिथं माझे कान तापतात. चाचणी माझी, पॅड माझे, वाक्य माझं. उन्हाळ्याच्या पलीकडं मी काही तपासलेलं नाही, हे त्या खोलीत सगळ्यांत जास्त मलाच माहीत होतं.

सर मात्र शांतपणे म्हणाले, “साहब, जून में टिका. उतना हम देखे हैं. टिकता है, ये हम नहीं देखे. आप लिख लीजिए, मेरी सही के बिना भेज दीजिए.”

सहीशिवाय कागद जात नव्हता आणि साहेबही तसे वाईट नव्हते. त्यांनी एक सुस्कारा टाकला, अहवालावर ‘शीतकालीन परीक्षण हो’ असं लिहिलं आणि दुसरी फाइल खणात टाकली. तिच्यावर पुढं शेरा आला, ‘विचाराधीन है’. हा वर्तमानकाळ कधी संपत नाही, ते आपल्याकडे कोणालाही सांगावं लागत नाही.

संध्याकाळी मेट्रोत मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. म्हणाले, “माझे बाबा तुमसरजवळ चाबीवाले होते. माहीत आहे ना चाबीवाला? रोज पाच-सहा किलोमीटर रुळातून चालायचं, खांद्यावर हातोडा. रुळाची चाबी ढिली दिसली की ठोकायची. संध्याकाळी मुकादम विचारे, चाब्या घट्ट आहेत ना? बाबा म्हणत, मी पाहिल्या तेव्हा घट्ट होत्या. रोज तेच. मुकादम चिडे. आहेत म्हण ना सरळ! बाबा म्हणत, माझ्यामागून दोन मालगाड्या गेल्या साहेब, आता कसं सांगू?”

त्यांनी वरचं हँडल दुसऱ्या हातात धरलं.

“एकदा शिक्षाही झाली त्यांना, उलट बोलतो म्हणून. घरी येऊन माझ्या आईला म्हणाले, उद्या त्या रुळावरून लोक जातील. ‘आहे’ म्हटलं की लोक पाहणं सोडून देतात. बाबा शाळेत गेले नाहीत, जाधव. पास्ट टेन्स मला त्यांनी शिकवला. कॉलेजनं फक्त नाव सांगितलं.”

मग कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेऊन त्यांनी मला विचारलं, “अन् तू काय म्हणून राहिला होतास मघाशी?” मी म्हणालो, काही नाही.

सप्टेंबरअखेर ते निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, “गजभिये जी बहुत ईमानदार अफ़सर थे.” मागच्या रांगेतून रामसजीवन एकदम ओरडले, “हैं, साहब, हैं!” सगळे हसले. सर हसता हसता चष्मा पुसू लागले, आणि तो बराच वेळ पुसत राहिले. चिठ्ठ्यांचा खण त्यांनी दोन पिशव्यांत रिकामा केला. एक पिशवी मी इंदिरा नगरपर्यंत नेली.

जानेवारीत, बाहेर हात लांब केला तर बोटं दिसू नयेत अशा धुक्यात, मी पुन्हा आठ पॅड यंत्राखाली घातले. खरं सांगतो, मनातून मला वाटत होतं की एक तरी पॅड फुटावा. एकच. म्हणजे मला साहेबांसमोर तो फुटका पॅड ठेवता आला असता. यंत्राशेजारी मी स्वेटर, मफलर, कानटोपी घालून बसून राहिलो. आठही पॅड टिकले, जून महिन्यापेक्षाही छान.

मी सरांच्या घरी गेलो. ते गच्चीत उन्हाची वाट पाहत बसले होते.

“टिकले,” मी म्हणालो.

“सगळे?”

“आठही.”

त्यांचा चेहरा इतका उजळला की मला रागच आला. मी म्हणालो, “सर, म्हणजे पॅड चांगलाच होता! तुमचं वर्ष गेलं, पुस्तिका गेली, कशासाठी? जूनमध्ये होल्ड्स लिहिलं असतं तरी ते खरंच निघालं असतं!”

“पॅड चांगला होता,” ते म्हणाले, “पण जूनमध्ये हे तुला माहीत होतं का?”

मी नकारार्थी मान हलवली.

“मग आपण खोटंच लिहिलं असतं ना. नंतर खरं निघालं असतं, इतकंच.” त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, खिशातून पेन्सिल काढली. “आता असं लिही. उन्हाळ्यात हेल्ड. हिवाळ्यात हेल्ड. अन् खाली शेवटच्या ओळीत होल्ड्स. आता त्याला उभं राहायला जमीन आहे.” मग आत वळून ओरडले, “अगं, ऐकलं का? याचे पॅड टिकले! चहा ठेव!” काकूंनी आतून विचारलं, पॅड म्हणजे काय, आणि ते सांगायला उठून आत गेले. मी गच्चीत एकटाच बसलो होतो. राग कुठं गेला ते कळलंच नाही, डोळे मात्र भरून आले होते.

श्वेताला बंगळुरूला नोकरी लागली आणि मार्चमध्ये सर-काकू नागपूरला कायमचे निघाले. त्यांना सोडायला मी चारबागला गेलो. फलाटावर हमालांची आणि सामानाची नेहमीची झुंबड. सामान थोडंच होतं. पिशव्या दोन, त्या मात्र सरांनी कोणाच्या हातात दिल्या नाहीत.

“पुस्तिकेचं काय, सर?” मी भीत भीत विचारलं.

“लिहून राहिलो,” ते म्हणाले. आणि त्यांचं म्हणणं मला तेव्हा पटलं. माणूस खरंच दिसतो त्यात. नागपूरच्या घरात, खिडकीपाशी, टोक केलेली पेन्सिल घेऊन बसलेला. “संस्थेनं नाही छापली तर नाही. मी छापीन. पहिली प्रत तुझी. तुझी वाक्यं जास्त आहेत त्यात.”

गाडीनं शिट्टी दिली. ते डब्याच्या दारात उभे होते. त्यांना पोचवायला बरोबर निघालेली श्वेता शर्टाला धरून मागं ओढत होती, “पापा, अंदर आइए, दरवाज़े से हटिए.” गाडी हलली. मी दोन पावलं बरोबर चाललो. ते ‘जातो’ म्हणणार, काकू आतून ओरडणार, हे मला ठाऊक होतं, आणि उद्यापासून ते ऐकायला मिळणार नाही म्हणून मी कान देऊन चाललो होतो.

सरांनी हात वर केला आणि म्हणाले, “येतो.”

काकू त्यांच्या मागंच उभ्या होत्या. त्यांनी एकदम वळून सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओरडायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं.

माझ्या जिभेवर ‘कधी?’ आलं होतं. ते मी आवरलं, आणि आपल्याकडे म्हणतात तसं म्हणालो, “या, सर.”